खरेदीखत, भाडेकरार आणि जावेद अख्तर

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं छोटं ऑफिस आहे. पोटापाण्याचं काम म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं आणि हल्ली नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे करार. सिनेमाशी संबंध म्हणाल तर तरुणपणी मल्हारला तिकीट काढून पाहिलेले खेळ, एवढाच. तरी गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी चौदा पानांचा इंग्रजी करार घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. घोडबंदर रोडला बंगल्यांमध्ये मालिकांची शूटिंगं चालतात, त्यातल्या एका मालिकेचे संवाद ती लिहिणार होती.

"काका, बाकीचं ओढूनताणून कळलं. पण हे 'इन परपेच्युइटी, थ्रूआउट द युनिव्हर्स' म्हणजे काय?"

"म्हणजे कायमचे आणि अख्ख्या विश्वासाठी. तुझे संवाद उद्या मंगळावर दाखवले, तरी तुला दमडी मिळणार नाही."

ती हसली आणि मग म्हणाली, "पण जावेद अख्तरांनी कायदा करून घेतला ना, रॉयल्टीचा?" आणला होता खरा. पण त्या कायद्यात नेमकं काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तो नीट वाचून बरीच वर्षं झाली होती. मग रविवारी पुस्तक काढलं. तिला जे सांगितलं ते इथे लिहितोय, कारण नंतर तिचे दोन मित्रही तसेच करार घेऊन आले.

सुरुवात माणसापासून करू. कायदा आपोआप होत नाही, कुणाला तरी आधी ठेच लागलेली असते.

जावेद अख्तर यांचा जन्म १७ जानेवारी १९४५ चा, ग्वाल्हेरचा. वडील जाँ निसार अख्तर शायर आणि पक्के कम्युनिस्ट. बाळाच्या कानात अजान म्हणायची त्याऐवजी कम्युनिस्ट जाहीरनामा वाचून दाखवला गेला, हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगतात. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. मग लखनौ, अलिगढ, भोपाळ असं नातेवाईक आणि मित्रांच्या आधारानं वाढणं. ४ ऑक्टोबर १९६४ ला ते मुंबईत उतरले आणि सहाव्या दिवशी वडिलांचं घर सोडलं तेव्हा खिशात सत्तावीस नवे पैसे होते. अंधेरीला कमाल अमरोहींच्या स्टुडिओत, कपडेपटाच्या खोलीत त्यांनी रात्री काढल्या.

'सरहदी लुटेरा' नावाच्या एका सिनेमाच्या सेटवर ते क्लॅपर बॉय होते. संवाद लिहायला कोणी मिळेना म्हणून ते कामही त्यांच्याकडे आलं. त्याच सिनेमात इंदूरहून आलेला एक देखणा नट काम करत होता, सलीम खान. नटाला नटपणाचा कंटाळा आला होता आणि क्लॅपर बॉयला पाटी आपटण्याचा. दोघांनी मिळून लिहायचं ठरवलं. 'हाथी मेरे साथी' आणि 'अंदाज' १९७१ चे, 'सीता और गीता' १९७२ चा. पण त्या काळात पडद्यावर लेखकाचं नाव आलं तर आलं, पोस्टरवर ते कुणी छापत नसे. नट, दिग्दर्शक, निर्माता, संगीतकार यांची नावं मोठ्या अक्षरांत. गोष्ट कुणाच्या डोक्यातून आली याची प्रेक्षकाला कल्पनाही नसायची.

मग १९७३ चा 'जंजीर'. पोस्टरं लागली, त्यांवर लेखकांचं नाव नाही. तेव्हा या दोघांनी काय केलं, तर एक रंगारी धरला, 'रिटन बाय सलीम-जावेद' असा स्टेन्सिल कापून त्याच्या हाती दिला आणि शहरातल्या पोस्टरांवर मारत फिरायला सांगितलं. रंगाऱ्यानं जिथे जागा मिळाली तिथे मारलं. कुठे हिरोच्या हातावर, कुठे चेहऱ्यावर. सकाळी मुंबई उठली तेव्हा नावं भिंतीवर होती. त्यानंतर सलीम-जावेद हे नाव पोस्टरवर छापूनच येऊ लागलं. 'दीवार' आणि 'शोले' १९७५ चे, 'त्रिशूल' आणि 'डॉन' १९७८ चे. पुढे जोडी फुटली आणि जावेद गीतांकडे वळले. गीतलेखनासाठी पाच राष्ट्रीय पुरस्कार, १९९९ ला पद्मश्री, २००७ ला पद्मभूषण. धर्मांधतेविरुद्धच्या त्यांच्या भूमिकांवर घरोघरी वाद होतात, आमच्या घरीही होतात. २०२० सालचा रिचर्ड डॉकिन्स पुरस्कार त्यासाठीच मिळाला. तो विषय मोठा आहे, इथे नको.

इथे महत्त्वाचं एवढंच की नाव रंगाऱ्याकडून मिळवता येतं. पैसे मिळवायला कायदा लागतो. 'जंजीर'च्या वेळी लेखकांनी नाव मिळवलं, पण गोष्टीची मालकी कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला. तो किती वर्षं राहिला बघा: २०१३ साली 'जंजीर' नव्यानं बनवला गेला तेव्हा हेच दोघं मुंबई उच्च न्यायालयात उभे होते. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही एक सिनेमा करायला गोष्ट दिली होती, दुसरा करायला नव्हती.

हे वाक्य नीट समजलं तर अर्धा कायदा समजला. ठाणेकराला ते समजवायला मला जागेपलीकडे जावं लागत नाही.

तुमचा फ्लॅट आहे. तो तुम्ही विकला तर खरेदीखत होतं आणि तुमचा संबंध संपतो. भाड्यानं दिला तर लिव्ह अँड लायसन्स होतं, मुदत असते, फ्लॅट परत येतो. लेखनाचंही तसंच आहे. हक्क 'असाइन' करणं म्हणजे खरेदीखत. 'लायसन्स' देणं म्हणजे भाड्यानं देणं. एक मोठा फरक आहे: फ्लॅट एकच असतो, पण एका कथेतून हक्कांच्या बऱ्याच खोल्या निघतात. सिनेमा करायचा हक्क वेगळा, मालिकेचा वेगळा, दुसऱ्या भाषेतला वेगळा, पुन्हा बनवायचा वेगळा, नाटकाचा वेगळा. प्रत्येक खोली स्वतंत्रपणे विकता किंवा भाड्यानं देता येते. नवशिका लेखक काय करतो, तर हॉल भाड्यानं द्यायला बसतो आणि चौदा पानांच्या शेवटी पूर्ण इमारतीवर सही करून उठतो.

आता मालक होतं कोण आणि केव्हा? तिला वाटत होतं की कुठे तरी नोंदणी केली की कॉपीराइट मिळतो. तसं नाही. लिहिलं त्या क्षणी तो मिळतो, शिक्का लागत नाही, स्टॅम्प ड्युटी नाही. पटकथालेखकांच्या संघटनेत स्क्रिप्ट नोंदवतात ती फक्त पुरावा म्हणून, की अमुक तारखेला हे माझ्यापाशी होतं. पुरावा उपयोगाचा असतोच, नोंदवून ठेवावं. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे ही गोष्ट मृत्युपत्रात लिहिण्यासारखी आहे. मी इतकी मृत्युपत्रं केली, एकाही लेखकानं ती लिहिली नाही. सोन्याच्या पाटल्या कुणाला, तेवढं मात्र असतं.

आणखी एक गैरसमज. कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला लागला. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं, प्रांतवादावरचं. दोन प्रांतांची कुटुंबं, त्यांच्या मुलांचं प्रेम. 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आपल्या नाटकावरून उचलला, असं त्यांचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, विषय एकच असला तरी मांडणी, प्रसंग, भर वेगळा आहे. विषय कुणाच्या बापाचा नसतो. (शेवटचे शब्द माझे, कोर्टाचे नाहीत.) त्यामुळे निर्मात्याला तोंडी 'एक लाइन' ऐकवून यायची आणि वर्षभरानं ती पडद्यावर दिसली की रडायचं, याला औषध नाही. कागदावर विस्तारानं उतरवा, ईमेल करा, मग ऐकवा.

आता मुख्य गुंता. १९५७ च्या मूळ कॉपीराइट कायद्यात एक कलम होतं आणि अजूनही आहे: कुणी पैसे देऊन सिनेमा बनवून घेतला तर, उलट करार नसेल तर, त्या सिनेमाचा पहिला मालक तो पैसे देणारा. हे सिनेमाबद्दल ठीक आहे. पण सिनेमात असलेल्या गाण्याचं काय, शब्दांचं काय? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं संगीतकार-गीतकारांची संस्था, म्हणजे आयपीआरएस, हिच्या विरोधात निकाल दिला. निर्मात्यानं मोबदला देऊन गाणं करून घेतलं, की उलट करार नसेल तर त्यावरचा हक्क निर्मात्याचा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला एक वेगळं टिपण जोडलं आणि गायकाला आपल्या कायद्यात काहीच मिळत नाही, हे भारतीय रसिकतेला धरून नाही, असं हळहळून लिहिलं. हळहळ छापली गेली, निकाल कायम राहिला.

पुढची पस्तीस वर्षं तोच निकाल धंद्याची घटना होता. एकरकमी पैसे घ्या, सही करा, विसरा. त्या वर्षांत काय काय आलं आठवून बघा. कॅसेट आली. सॅटेलाइट चॅनेलं आली. सीडी, एफएम, रिंगटोन, कॉलर ट्यून, यूट्यूब. प्रत्येक वेळी तीच गाणी, तेच संवाद नव्यानं विकले गेले. ज्यांनी लिहिले ते ७३ सालच्या पैशांत खूश होते, कारण ७३ साली मोबाइलची रिंग म्हणून संवाद वाजेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नौपाड्यातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. तुमच्या आजोबांनी तीन मजली इमारतीत ब्लॉक घेतला तेव्हा एफएसआय, म्हणजे जमिनीवर किती बांधता येतं त्याचं मोजमाप, हा शब्द कुणी ऐकला होता? जमीन बिल्डरच्याच नावावर राहिली, अभिहस्तांतरण, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करून देणं, कुणी केलं नाही, कुणाला गरज वाटली नाही. आज त्याच जमिनीवर वीस मजले चढतात म्हटल्यावर बिल्डरचा नातू कागद घेऊन उगवतो. मग सरकारला मानीव अभिहस्तांतरण आणावं लागलं, म्हणजे बिल्डरनं करून दिलं नाही तरी ते झालं असं मानायचं. २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती ही माझ्या मते लेखक-संगीतकारांचं मानीव अभिहस्तांतरण आहे. सही करताना तुम्ही कितीही भोळे असलात तरी काही गोष्टी तुमच्याकडून काढून घेता येणार नाहीत, असं सरकारनं सांगितलं.

जावेद अख्तर मार्च २०१० मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाले. दुरुस्तीचं विधेयक त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्यसभेत आलं. नामनियुक्त खासदार म्हणजे शोभेचा, अशी आपली समजूत असते आणि बऱ्याचदा ती खरीही ठरते. इथे मात्र ज्याला दुखतंय तोच सभागृहात बसलेला होता. निर्माते आणि म्युझिक कंपन्यांचा विरोध कडवा होता, आणि त्यांचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. सिनेमा पडला तर नुकसान आमचं, लेखक काय पैसे परत करतो का? विधेयक स्थायी समितीकडे गेलं, दोन वर्षं गेली. शेवटी मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ते मांडलं, १७ मे २०१२ ला राज्यसभेत आणि २२ मे ला लोकसभेत मंजूर झालं. २१ जूनपासून कायदा लागू झाला.

त्यात काय झालं ते आता साध्या शब्दांत.

१९७७ च्या निकालाचा कणा मोडला. निर्माता सिनेमाचा मालक असेल, पण सिनेमात घातलेल्या लेखनावरचा लेखकाचा हक्क त्यामुळे बाधित होणार नाही, असं कलम १७ मध्ये घातलं.

कलम १८ मध्ये एफएसआयचा बंदोबस्त झाला. सही करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क विकले गेले असं धरायचं नाही, करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज.

आणि मग खरी गंमत. सिनेमात वापरलेल्या लेखन-संगीताची थिएटरबाहेर जी कमाई होईल, टीव्हीवर, रेडिओवर, ऑनलाइन, तिच्या रॉयल्टीत लेखकाचा समसमान वाटा. थिएटरमध्ये सिनेमासोबत जे वाजतं त्याला ही रॉयल्टी नाही. निर्मात्यांच्या नुकसानीच्या मुद्द्याला हे उत्तर होतं: तिकीटबारीचा जुगार तुमचा, पण पुढे माल विकत राहिलात तर भागीदार आम्ही. हा वाटा लेखक कुणाला देऊ शकत नाही, सोडू शकत नाही. फक्त वारसांना, किंवा वसुली करून वाटणाऱ्या नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात उलट लिहिलं असेल तर ते कलम रद्दबातल.

त्या 'रद्दबातल' शब्दावर मी तिच्याशी जास्त वेळ बोललो. वकिलाच्या डोळ्यांनी बघाल तर सगळ्या कायद्यातला सर्वांत किमती शब्द तो आहे. 'लेखकानं रॉयल्टी सोडू नये' असा उपदेश असता तर कुणी ऐकलं नसतं. नवख्या मुलीला समोरचा म्हणतो, बाई, सोडायची तर सोड, नाही तर बाहेर दहा जण उभे आहेत. ती सोडणारच. म्हणून कायदा म्हणतो, ती सोडो, सही करो, अंगठा देवो, सुटत नाही. अल्पवयीन मुलाच्या नावचा फ्लॅट जसा कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकाला विकता येत नाही, तसं काहीसं. लेखकांना हे ऐकून थोडा अपमान वाटतो. वाटू दे.

तिनं विचारलं, "पण हे सिनेमाचं झालं. माझी तर मालिका आहे."

चांगला प्रश्न. कायद्यात सिनेमा म्हणजे दृश्यांचं कोणतंही मुद्रण, त्यासोबतच्या आवाजासकट. मालिका, वेबसिरीज, सगळं त्यात येतं. संवाद म्हणजे साहित्यकृती. म्हणजे कागदावर तरी तिला हक्क आहे.

कागदावर म्हटलं, कारण पुढे गळती आहे. रॉयल्टी कुणीतरी गोळा करावी लागते. गाण्यांसाठी आयपीआरएस आहे, १९६९ पासूनची. नव्या कायद्याखाली तिची पुन्हा नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि जावेद अख्तर तिचे अध्यक्ष झाले. तरीही रेडिओवाल्यांशी भांडण चालूच राहिलं. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अंतरिम आदेशात सांगितलं की एफएम वाहिन्यांनी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी दिली पाहिजे. कायदा झाला २०१२ ला, आदेश २०२३ ला. मधल्या अकरा वर्षांत ठाण्याच्या रिक्षांमध्ये किती गाणी वाजली असतील. आणि हे गीतकारांचं, ज्यांच्याकडे जुनी बसलेली यंत्रणा आहे. पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्यांची वसुली त्या मानानं फार मागे आहे. म्हणून ज्याला खरोखर पैसे हवेत त्यानं आज तरी करारातच ते मिळवावेत.

तिचा करार पुन्हा उघडला. पहिलं पाहिलं ते म्हणजे ती नोकर आहे की स्वतंत्र. पगारी नोकरीत लिहिलं तर सर्वसाधारणपणे पहिला मालक नोकरी देणारा, उलट करार नसेल तर. तिच्याकडे 'कन्सल्टंट' लिहिलं होतं, एपिसोडमागे पैसे, टीडीएस कापून. म्हणजे स्वतंत्र. म्हणजे पहिली मालकीण ती, आणि हा कागद खरेदीखत.

खरेदीखत लेखी आणि सहीचं हवं, त्यात कोणतं लेखन, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, रॉयल्टी किती, हे सगळं हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेले हक्क समोरच्यानं वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर. म्हणजे गंमत बघा, कोरा सोडलेला करार लेखकाच्या बाजूचा असतो. 'परपेच्युइटी' आणि 'युनिव्हर्स' हे शब्द निर्मात्याचा वकील उगाच काव्य म्हणून घालत नाही. ती पाच वर्षं आणि ती भारताची सीमा पुसायला घालतो.

मी पेन्सिलनं चार जागा खुणावल्या. 'युनिव्हर्स'च्या जागी भारत आणि ज्या देशांत वाहिनी दिसते ते देश. रीमेक आणि दुसऱ्या भाषेत बनवायचा हक्क वेगळा, त्याचे पैसे वेगळे. रॉयल्टी सोडल्याचं वाक्य काढून टाकायचं. ते तसंही रद्दबातल, पण राहिलं तर भांडताना दहा मिनिटं जास्त लागतात. आणि नाव: कुठे, किती मोठं, किती सेकंद. हक्क विकल्यावरही लेखक म्हणून आपलं नाव सांगायचा आणि लेखनाची मोडतोड करून बदनामी होत असेल तर थांबवायचा अधिकार लेखकाकडेच राहतो, पण पडद्यावर ते नाव किती वेळ दिसावं हे कायदा सांगत नाही. ते मागावं लागतं.

तिनं ईमेल केला. दोन आठवडे शांतता. मग उत्तर आलं: प्रदेश बदलला, रीमेकचं वेगळं कलम दिलं, रॉयल्टीचं वाक्य आमच्या स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये आहे, काढता येणार नाही. ती सही करायला तयार होती. मी म्हटलं कर, ते वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. पन्नास वर्षांपूर्वी या सल्ल्याला काही अर्थ नसता.

मालिका दिवाळीनंतर सुरू झाली. पहिल्या आठवड्यात ती संध्याकाळी खाली बाकावर भेटली, फोनवर श्रेयनामावली थांबवून दाखवली. तिचं नाव तिसऱ्या ओळीत होतं, बारीक, आणि आडनावातली वेलांटी चुकलेली.

"रंगारी शोधू का?" मी विचारलं.

"पडद्यावर कुठून चढणार तो, काका," ती म्हणाली, आणि तिथेच बाकावर बसून चुकीबद्दलचा ईमेल टाइप करू लागली.